जिन्यातला टॉवेल

आई, तुला व्हिडिओ गेमचा राग होता, म्हणून तिथूनच सुरुवात करते. बाबांनी लाडाने दिल्लीच्या पालिका बाजारातून आणलेला तो टीव्हीला जोडायचा डबा, आणि त्यातली जपानी खेड्यातली मुलगी. डोळ्यांच्या खाचा होतील कार्टे, म्हणायचीस. पण कांदा चिरता चिरता तुझं अर्धं लक्ष तिच्यावरच. ती चपला दारात काढते, जेवणाआधी हात जोडते, हे पाहून तू मान डोलावलीस. चांगल्या वळणाची माणसं दिसतात, नाहीतर इथली, बूट घालून थेट गादीवर, असं वर ऐकवलंसही.

लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून आपण नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हाचं हे. स्वतःचं घर म्हणून बाबा हरखलेले. तू मात्र सुकत चालली होतीस. तिकडे भिंतीपलीकडे मराठी ऐकू यायचं, हळदीकुंकू व्हायचं. इथे नुसती बंद दारं आणि त्यांवर लोखंडी जाळ्या. नवीन बिऱ्हाड आलं तर चहा विचारायची रीत नाही या लोकांत, हे रोजचं. एकदा पोळी लाटता लाटता तू सरळ रडायलाच लागलीस. त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलंस, पोरीची परीक्षा झाली की मी तिला घेऊन सोलापूरला दादाकडे जाते, तुम्ही राहा तुमच्या घरात.

तेव्हा खेळात मीही अडकले होते. ती मुलगी नव्या गावात राहायला येते, पण कुणी तिच्याशी बोलेना, दुकानदारसुद्धा. बऱ्याच खटपटीनंतर कळलं, तिकडे उलटंच असतं यार! नव्याने आलेल्यानेच शेजाऱ्यांकडे जायचं, हातात छोटीशी भेट, टॉवेल वगैरे, आणि म्हणायचं, आम्ही आलोय, सांभाळून घ्या. तुला सांगितलं तर तू फणकारलीस. "वा गं वा, मीच यायचं आणि मीच आहेर करायचा? टॉवेल-टोपी व्याह्यांना देतात, शेजाऱ्यांना नाही." पण दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तर तू ट्रंक उघडून बसलेली, मांडीवर माहेरचे कोरे सोलापुरी टॉवेल. चल म्हणालीस, तुझं हिंदी बरं आहे.

समोरच्या पंजाबी आंटींनी टॉवेल घेऊन उलटापालटा केला. "ये हमारा नहीं है, बहनजी. ऊपर वालों का उड़ के आया होगा." त्यांना वाटलं, कुणाचा तरी वाळत घातलेला पडलाय आणि तू तो परत करायला आलीस. मी समजावणार, तोवर त्यांनी वरच्या बंगाली बाईंना हाक मारलीसुद्धा. त्या आल्या; त्यांचाही नव्हता. मग खालच्या माताजी गुडघे धरत चढून आल्या. टॉवेल या हातातून त्या हातात फिरतोय, शोध चाललाय, आणि तुला हसू आवरेना. डोळे पुसत तू तुझ्या हिंदीत म्हणालीस, "मेरा ही है. आपको देने को लाया. हम नया आया है."

मग आंटी हळूच म्हणाल्या, "और हमने चाय भी नहीं पूछी." तुझा हात धरून त्या तुला आत घेऊन गेल्या. त्यांना वाटायचं, तुमचं दार सदा बंद, तुम्हाला माणसांची आवड नसावी. सोलापूरचा विषय पुन्हा निघाला नाही. आणि किती वर्षांनी, तुझ्या शेवटच्या आजारपणात, मी ऑफिसातून पोहोचेपर्यंत आंटीच तुझी वेणी घालून ठेवायच्या. त्यांचे हात मला अजून दिसतात.

मी आता गुडगावात, विसाव्या मजल्यावर. जपानी माणसाचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी कसं घ्यायचं, किती वाकायचं, सगळं मला ठाऊक. त्या खेळांनीच शिकवलं. शेजारच्या बाईंचं नाव मात्र ठाऊक नाही. येऊन वर्ष होत आलं. त्या एकट्याच असतात, बहुतेक. कधीकधी भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो.

हे पत्र पाठवणार तरी कुठे? आणि खरं सांगू, तुझी आठवण आली म्हणून लिहायला बसले, असंही नाही गं. मी त्यांची बेल दाबायला निघाले होते. बोट बेलपर्यंत गेलं, आणि मी परत फिरले. तू शेजारी उभी हवी होतीस.