हात पाठीमागे धरून

माय, गेल्या महिन्यापासून मला कॉलेजात प्राध्यापक म्हणतात. थट्टेनं नाही, तसं लेखी आलं आहे. पूर्ण नाव इंग्रजीत आहे, 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'. म्हणजे डिग्री नाही पण आयुष्य एका धंद्यात गेलं आहे, अशा माणसाला इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवायला घेता येतं, तो मी. घरी सांगितलं तेव्हा तुझी सून मेथी निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मंग आता म्हशीचं दूध काढाले प्राध्यापक येतीन, का मीच जाऊ?" मीच गेलो. दूध काढता काढता वाटलं, हे तुला सांगायला हवं. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही इतकी वर्षं झाली की तू लावलेला कडुलिंब आता वर्कशॉपच्या पत्र्यावर टेकला आहे. तरी लिहितो. समोर असतीस तर आपलीच बोली तोंडात आली असती. लिहायला बसलो की माझा हात पुस्तकी होतो, कारण मला जे आलं ते पुस्तकं चाळूनच आलं. आणि आधीच सांगून टाकतो, हे सहज मिळालेलं नाही. मला शिक्षक मानायचं की नुसता मोटर दाखवायला येणारा मिस्त्री, हे कमिटी एका तासात ठरवणार होती, आणि नेमकी त्याच तासाला मोटर सुरू झाली नाही.

कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे मी आयुष्यभर छाती काढून सांगत आलो. आपल्या विहिरीवरची मोटर जळली तो उन्हाळा आठवतो. संग्रामपूरचा मिस्त्री आज येतो उद्या येतो करत राहिला, इकडे मिरचीचं रोप मान टाकायला लागलं, आणि मी ती मोटर उघडली. घरात तेवढी सपाट, सारवलेली जमीन एकच होती, तुझ्या चुलीपुढची. तिथं खडूनं मोठं गोल काढलं, आणि तांब्याची कोणती गुंडाळी कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जाते, ते रेघेरेघेनं उतरवून ठेवलं. मग तार आणली आणि तसंच्या तसं भरत गेलो. ते होईपर्यंत तू तेवढा तुकडा सारवला नाहीस. बाकी सगळं घर सारवलंस, आणि माझ्या खडूच्या गोलाभोवतून पाय उचलून भाकरी करायला बसत राहिलीस. शेजारणीनं विचारलं की हे काय वं, तर म्हणायचीस, "त्याच्या मोटारीचा नकाशा हाय, पाय नको देऊ." विहिरीतून पाणी आलं त्या दिवशी तू आधी ती जागा सारवलीस, मग पाणी पाहायला आलीस.

पण मला लिहायचं आहे ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आखाजीचा सण जवळ आला की गल्लीतल्या नव्या सुना तुझ्याकडे मांडे शिकायला यायच्या. चुलीवर उपडं खापर, खाली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ. तू स्वतः एकच मांडा करून दाखवायचीस. पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर फिरत जाऊन कोपरापर्यंत पसरायचा, आणि एका झोक्यात खापरावर जाऊन पडायचा. त्यानंतर तुझे हात पाठीमागे. पदराचं टोक मुठीत धरून उभी राहायचीस, आणि पुढचं सगळं शिकवणं नुसतं तोंडानं. मी दाराशी बसून पाहतो आहे. समोरच्या घरची नवी सून मांडा फिरवते आहे, तो मनगटाजवळ फाटतो, पुरण फुफाट्यात पडतं, तिचे डोळे भरून येतात. तिची सासू सावरायला पुढे होते आणि तू तिला कोपरानं अडवतेस. "राहू द्या. तिच्या हातावरचा तुमच्या हातावर येत नाई. फाटू द्या." मग त्या पोरीकडे वळून विचारतेस, "आता तूच सांग, काऊन फाटला?" जाळ कमी होतो, कुणीतरी दोन पऱ्हाट्या आत सारतं. शेवटी ती पुटपुटते, अंगठा लागला. "हाव," तू म्हणतेस. "घे दुसरा उंडा."

पुढे मी बसस्टँडमागे वर्कशॉप टाकलं, हाताखाली माणसं ठेवली. त्यातला एक माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. एका दुपारी तू डबा घेऊन आलीस, कळण्याची भाकर आणि वांग्याचं भरीत, आणि तारेच्या रिकाम्या रिळावर बसून राहिलीस. तो खाचेत तार भरत होता आणि एक वेढा दुसऱ्यावर चढला. खाचेत वेढा चढलेला मला पाहवत नाही. "सरक बे," म्हटलं, त्याच्या हातातून तार घेतली आणि सगळी खाच त्याच्यासमोर भरून दाखवली. एकही वेढा इकडचा तिकडे नाही. तो शेजारी उभा राहून पाहत होता. तो चहा सांगायला गेला तेव्हा तू बोललीस. "तुले येते, हे मले माहीत हाय. त्याले काय आलं?" मी म्हटलं, गिऱ्हाईक खोळंबलं आहे. "खोळंबते गिऱ्हाईक. तू हातातून घेतलं, तं त्याचा हात रिकामाच राह्यला ना." मी मनात म्हटलं, मांड्याचं शास्त्र मोटारीला लागू नाही. पुरण फुफाट्यात पडलं तर फार तर कुत्रं खाईल. मोटारीत चूक झाली की तांबं जळतं.

त्याच सुमारास तू गुरुवारी शेगावला जाऊन आलीस आणि मला किल्ल्या अडकवायची कडी आणलीस. एका बाजूला महाराजांचा फोटो, दुसऱ्या बाजूला काचेखाली बोराएवढं होकायंत्र. म्हणालीस, "घडी हाय म्हने दुकानदार, पण मले तं तिच्यात येळ नाई दिसला." मी हसून हसून बेजार. नंतर एका जुन्या पुस्तकात वाचलं की भरलेल्या मोटारीच्या तारांना बॅटरी लावायची आणि आतून होकायंत्र गोल फिरवत न्यायचं. तारांच्या प्रत्येक गटापाशी काटा उलटला पाहिजे. एखाद्या गटापाशी उलटला नाही, तर तो गट उलटा जोडला गेला आहे. तुझी वेळ न दाखवणारी घडी मी तेव्हापासून याच कामाला वापरतो. काच दोनदा बदलली, काटा तोच आहे.

कॉलेजच्या मोटारी माझ्याकडे दुरुस्तीला यायच्या, त्यातून ओळख झाली आणि मुलांना दाखवायला बोलावणं आलं. पहिल्या सहामाहीत मी अक्षरशः जीव ओतला. टेबलावर मोटर घ्यायची, मुलं भोवती उभी, आणि माझे हात चाललेले. शेवटी बटण दाबलं की मोटर गाणं म्हटल्यासारखी उचलायची आणि मुलं टाळ्या वाजवायची. मला ते फार गोड लागलं, खोटं कशाला सांगू. आमच्या विभागप्रमुख बाई, पीएच.डी. झालेल्या, माझ्या मुलीहून जेमतेम मोठ्या, मागे स्टुलावर बसून हे सगळं पाहत असायच्या. सहामाही संपताना त्यांनी बोलावून घेतलं. "सर, मी तुमच्या मुलांपुढे एक उघडी मोटर ठेवली होती," त्या म्हणाल्या, "कुणी हात लावला नाही. म्हणाले, सरांसारखं जमणार नाही." मी म्हटलं, माझ्यासारखं जमायला आयुष्य जातं. त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "कमिटी तुमचं काम बघायला येणार नाहीये. मुलांना काय येतं, ते बघायला येणार आहे."

मोटरसायकलवर वर्कशॉपला येईपर्यंत मी मनात त्यांच्याशी भांडत होतो. काल शिकून आल्या आणि मला शिकवतात. या पोरीनं कधी जळक्या तांब्याचा वास घेतला आहे का. असं बरंच काही. वर्कशॉपचं शटर उघडलं, आणि ते तुझं रिळ अजून कोपऱ्यात होतं, त्यावर कुणाचा तरी शर्ट टाकलेला. तेव्हा लक्षात आलं की बाईंनी वेगळं काहीच म्हटलं नव्हतं. त्याले काय आलं, एवढंच विचारलं होतं, फक्त शहरी मराठीत. तुझ्यावर मला रागावता येत नव्हतं, मग त्यांच्यावर किती वेळ रागावणार.

दुसऱ्या सहामाहीपासून मी सगळं, अगदी तुझ्या घडीनं करायची तपासणीही, एकदाच करून दाखवायला लागलो आणि मग हात पाठीमागे. माय, हे मोटर भरण्याहून जड काम आहे. पोरं वेढे चढवतात, तार जास्त ताणून तोडतात, खाचेतला कागद फाडतात, आणि मी उभा. जळलेल्या तांब्याचं गाठोडं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात वाढत गेलं. बाई येता-जाता ते पाहायच्या आणि पुढे जायच्या.

मग कमिटी आली. तिघं जण, अध्यक्ष बाहेरगावचे एक वयस्क प्राध्यापक. त्या दिवशी पाळी होती ती लोणारकडच्या एका मुलीची. भाजीपाला पिकवणाऱ्या घरची, बोलायला अगदी कमी. तिनं खाचा सुरेख भरल्या होत्या. शेवटी तारांचे गट एकमेकांना जोडताना तिनं एक गट उलट्या टोकाला जोडला. मला ते टेबलापासून दूर उभं राहूनही दिसलं. पोरी, थांब, एवढंच म्हटलं असतं तर पुरे होतं. कमिटीला कळलंही नसतं. मोटर चालली असती, टाळ्या पडल्या असत्या आणि मी प्राध्यापक झालो असतो. मी हात पाठीमागेच ठेवले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली नाही, हो नाही आणि नाहीही नाही. तिनं बटण दाबलं. मोटर घुरघुरली, थरथरली, जागची हलेना. गरम तांब्याचा वास यायच्या आत मी बटण बंद केलं, आणि तोंडातून निघालं, "काऊन? तूच सांग." वर्गात खसखस पिकली, कारण तिथं मी कधी आपली बोली काढत नाही. कमिटीतल्या एकानं घड्याळ पाहिलं. थोडा वेळ थांबले, मग चहाला उठले. मला वाटलं, गेलं.

ती मुलगी मात्र जागची हलली नव्हती. मोटारीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "सर, तुमची किल्ली देता?" मी खिशातून काढून दिली. तिनं बॅटरी लावली, तुझी घडी आतून फिरवत नेली. काटा उलटला, पुन्हा उलटला, आणि एका ठिकाणी नुसता डुलला. "इथं," ती म्हणाली. कुणाला नाही, स्वतःलाच. जोड सोडवला, टोकं बदलली, डाख दिला, वरून नळी चढवली. तोवर सगळा वर्ग टेबलावर वाकलेला, माझ्याकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. बटण दाबलं, आणि मोटर उचलली.

मागे वळलो तर अध्यक्ष हातात चहाचा कप घेऊन दारात उभे. ते माझ्याकडे आले नाहीत, तिच्याकडे गेले. काय चुकलं होतं, त्यांनी विचारलं. जी मुलगी हजेरीलाही जेमतेम आवाज काढते, ती बोलत राहिली, होकायंत्र हातात धरून, आणि ते ऐकत राहिले. चहाचा त्यांना विसर पडला. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्हाला आधी दिसलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं नाहीत?"

मी एवढे दिवस मनात मोठमोठी उत्तरं घोकून ठेवली होती, अनुभवाची, स्वाध्यायाची. ती सगळी तशीच राहिली. म्हटलं, "तिच्या हातात होती." त्यांनी मान हलवली आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्यातून मला काहीच कळलं नाही. गेल्या महिन्यात ते लेखी आलं तेव्हा कळलं. बाईंनी पेढे वाटले, आणि कोपऱ्यातलं तांब्याचं गाठोडं अजून फेकलेलं नाही, असं हसत सांगितलं.

कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, हे मी अजूनही सांगतो. मोटारीपुरतं ते खरं आहे, आणि तेवढ्यापुरतंच यापुढे सांगेन. हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्न नाही. घडी घालून वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये ठेवीन, खाचेत घालायच्या कोऱ्या कागदांच्या खाली.

एक मात्र राहिलं. हात पाठीमागे धरतो खरा, पण बोटं ऐकत नाहीत. माझ्या मागच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या पोरी हसताना दिसल्या, म्हणून एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, सर, तुमची बोटं मागे सारखी तार भरत असतात. घरी येईपर्यंत मला तुझी मूठ दिसत राहिली, पदराचं टोक गच्च धरलेली. मी ते लाजेखातर समजत आलो होतो. आता तासाला उभा राहिलो की मीही मुठीत किल्ली धरतो.