कंपनीकडून न येणारा पार्ट

तीर्थस्वरूप भाऊजींना,

शिडीवरून खाली उतरून, हात धुऊन केलेला नमस्कार. तब्येत कशी आहे? उकाड्याने तुमची चिडचिड वाढली आहे असं ताई म्हणाली. (माझ्यामुळे वाढली, असंही म्हणाली.) तुमचा एसी माझ्या कृपेने कित्येक दिवस बंद आहे आणि रविवारी तुम्ही दुसरा मेकॅनिक बोलावला आहे, हे कळलं. त्याबद्दल शेवटी लिहितो. फोनवर मी ‘हॅलो’च्या पुढे सरकायच्या आत तुमचं सुरू होतं, म्हणून हे पत्र ताईच्या हाती दिलं.

तुम्ही नेहमी म्हणता, या शहरात वसंत येत नाही, फक्त विजेचं बिल येतं. भाऊजी, तुम्ही शहर समोरून बघता, आम्ही एसीवाले ते मागून बघतो. पाइप, वाळत घातलेले टॉवेल आणि घरात नकोसं झालेलं सगळं सामान. पण वसंत पहिल्यांदा उतरतो तो तिथेच. पाइपामागच्या फटीत रुजलेल्या झाडाला तांबूस पालवी फुटते, थंडीभर बंद असलेल्या खिडक्या कुरकुरत उघडतात आणि माझा फोन वाजायला लागतो. यंदा पहिला फोन एका निवृत्त हेडमास्तरांचा आला.

सातवा मजला, गृहस्थ एकटेच, आणि आवाज असा की मी नकळत हातातला पाना पाठीमागे लपवला. कमरेला सुरक्षेचा पट्टा बांधून खिडकीबाहेर गेलो, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी उघडली, तर आतून चिमणी सुटली ती माझ्या कानाजवळून थेट त्यांच्या दिवाणखान्यात. हेडमास्तरांनी झटकन पंखा बंद केला आणि छत्री घेऊन सोफ्यावर चढले. (छत्री कशाला, ते त्यांनाही अजून सांगता आलेलं नाही.) मी मदतीला धावलो, तर पट्टा कडीत अडकला आणि मी अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबकळत राहिलो. चिमणी मला ओलांडून आरामात आपल्या घरी गेली. घर म्हणजे युनिटच्या पात्यामागचं घरटं, आणि त्यात अंडी. बटण दाबलं असतं तर सगळा संसार पात्यात गेला असता.

हेडमास्तरांना काय सांगणार? मी चेहरा गंभीर केला आणि म्हणालो, पार्ट गेलाय, कंपनीकडून यायला वेळ लागेल. काम रखडलं म्हणून आमच्या दुकानाच्या मालकांनी माझ्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. हेडमास्तर मात्र फोन करून एवढंच विचारायचे, पार्ट अजून आला नाही ना? मला वाटलं टोमणा आहे. पुढे एकदा घरटं बघायला गेलो, तर खिडकीत पाण्याची वाटी आणि पावाचा चुरा. हेडमास्तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “खरं सांगा, त्या पार्टला पंख फुटायला अजून किती दिवस?”

पत्नी वारल्यापासून ती खिडकी त्यांनी उघडलीच नव्हती. आता खुर्चीच तिथे मांडली आहे. परवा त्यांचा फोन आला, आवाज जरा ओला होता. “सगळे पास झाले,” म्हणाले. पिल्लं उडाली होती. खोटं सांगत नाही, मी भर रस्त्यात डोळे पुसले.

मुलांना आशीर्वाद. राग आवरावा.

तुमचा धाकटा मेहुणा

ता. क. १ : पार्ट तुमचाही गेलेला नाही. तुमच्या युनिटमधली पिल्लं आत्ता कुठे डोळे उघडतायत. रविवारच्या मेकॅनिकला कृपा करून परत पाठवा. माणूस चांगला आहे, पण आल्या आल्या बटण दाबून बघतो.

ता. क. २ : ताईला पहिल्यापासून सगळं माहीत आहे. रिमोटच्या बॅटऱ्या तिच्याच शिवणाच्या डब्यात आहेत. त्या पिल्लांतलं एक काय हवंय ते न सांगता दिवसभर ओरडत असतं. त्याला आम्ही तुमचं नाव दिलंय. सकाळी उठल्यावर ताई आधी त्यालाच बघते.