आप्पांच्या गाडीची डिश

अहो,

मी माहेरी आईकडे जाते, संध्याकाळी येईन. जेवण झाकून ठेवलंय, आप्पांचंही.

तुम्ही जमीन विकायच्या कागदावर सही केलीत तेव्हापासून तुमचे वडील घर सोडून अंगणातल्या, आत पलंग-टीव्ही असलेल्या कॅम्पर गाडीत झोपतात, तिथवर ठीक होतं. आज सकाळी त्यांनी ती गाडी पार बांधावर, आंब्याखाली नेऊन लावलीय. तोंड रस्त्याकडे. चावी मी पर्समध्ये घेतलीय, पण दुसरी चावी सापडत नाहीये.

टीव्हीची डिश अंगणातच राहिलीय. ती आजच जोडून द्या, बातम्या चुकल्या की त्यांचं डोकं अजून फिरतं. झाडाखाली सिग्नल मिळणार नाही. स्टँड लांब उघड्यावर मांडा, पायांवर विटा ठेवा आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स बंद करूनच वायर लावा.

डिशवाल्या संतोषला बोलवू नका, मीच त्याला येऊ नको म्हणून सांगितलंय. आप्पांचा फोनही घरात चार्जिंगला लावलाय. तुम्ही बाहेर डिश फिरवायची आणि त्यांनी आत टीव्हीवर सिग्नल बघून ओरडून सांगायचं. फिरायला जायचो तेव्हा दोघं करायचात, तसंच.

सही झाल्यापासून ते तुम्हाला नुसतं ‘तो’ म्हणतात. एवढ्या लांबून ‘तो’ म्हणून हाक मारता येत नाही. भूपेश म्हणावंच लागेल.

तेव्हा ओ द्या.

जिज्ञासा