शर्टाच्या खिशातली नळी

तीर्थस्वरूप अक्कास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. पत्र मी उभ्यानेच, फ्रिजवर कागद ठेवून लिहितो आहे, कारण बसलं की माझे पाय हलतात आणि पाय हलले की ही ओरडते.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? इकडे सगळं उत्तम. हिला पाचवा महिना लागला, डॉक्टरीणबाई म्हणतात सारं ठीक आहे. मागच्या दोन्ही वेळी त्या हेच म्हणाल्या होत्या आणि दोन्ही वेळी आम्ही रिकाम्या हातांनी घरी आलो, पण ते असो. मी आता अजिबात काळजी करत नाही. (हे वाक्य लिहिता लिहिता एकदा आत डोकावून आलो. दुपारची आडवी झाली आहे. श्वास चालू आहे.)

माझं काम तुला ठाऊकच आहे. 'आमचा धाकटा रक्त ढवळतो' असं तू चारचौघांत सांगतेस, ते सोड. आमच्या प्रयोगशाळेत गेलं वर्षभर गरोदर बायकांच्या रक्तातली पूरक प्रथिनं मोजतात. ही प्रथिनं म्हणजे रक्तातले पहारेकरी. परकं काही दिसलं की एक दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि सगळे मिळून तुटून पडतात. आता पोटातलं बाळ आणि त्याला पोसणारी वार, दोन्ही अर्धी बापाकडची, म्हणजे पहारेकऱ्यांच्या दृष्टीने परकीच. (मी परका आहे हे सासरेबुवा लग्नापासून सांगत आले आहेत. त्यांना शास्त्राचाही आधार आहे, हे कळू देऊ नकोस.) वार मात्र भलती हुशार. ती पहारेकऱ्यांना आवर घालणारी प्रथिनं स्वतःच्या अंगावर बाळगते, वर त्यांच्यातल्याच काहींना कामाला जुंपून आईच्या रक्तवाहिन्या रुंद करून घेते. इतकी मुत्सद्दी बाई आपल्या घराण्यात झाली नाही (तू सोडून). पण कधी कधी पहारेकरी आवरत नाहीत आणि वारेलाच इजा करतात. हे मी रोज वाचतो, अक्का, आणि संध्याकाळी घरी येऊन हिच्या पोटाकडे बघत बसतो.

तर मागच्या मंगळवारी माझी बुद्धी फिरली. हिचं नेहमीच्या तपासणीचं रक्त द्यायचं होतं. मी परिचारिकेला डोळ्यांनी खुणावून एक नळी जास्त भरून घेतली, हिला न सांगता, आणि शर्टाच्या खिशात टाकली. छातीशी असलं की जपल्यासारखं वाटतं ना! मग हिला टॅक्सीत बसवून दिलं, टॅक्सी वळेपर्यंत हात हलवला, ती पोचल्याचा फोन येईपर्यंत फाटकाशी येरझाऱ्या घातल्या, आणि मग कामावर गेलो. कुणाला संशय नको म्हणून नळीवर माझंच नाव लिहिलं. यंत्राने आकडा काढला. पहारेकरी खवळल्याची जी खूण, ती चौपट! तो कागद हातात धरून मी यंत्रापाशीच उभा राहिलो.

प्रमुखबाईंनी तो कागद पाहिला आणि विचारलं, "तुम्हाला बरं नाहीये का?" मी तिथेच सगळं ओकलो. त्या एवढंच म्हणाल्या, "नळी बर्फात आणली होतीत?" अक्का, रक्त उबेत राहिलं की ही प्रथिनं नळीतल्या नळीत आपणहून खवळतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. दारावर पाटीच आहे, 'बर्फाशिवाय आलेला नमुना घेतला जाणार नाही', खाली सही माझी. त्या पाटीपायी मी दोन डॉक्टरांशी कायमचं वाकडं घेतलं आहे. बाईंनी नळी टाकून दिली. दुसरी तपासू का म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी त्यांना विचारा. आणि आकडा चांगला आला तरी एका आकड्यावरून काही ठरत नसतं." म्हणजे वाईट आकडा खोटा ठरला, पण खरा काही हाती आला नाही. हिला विचारायचं तर मागचं सांगावं लागणार, सांगितलं तर ती घाबरणार, आणि या दिवसांत तिने घाबरलेलं मला चालणार नाही. (पुन्हा डोकावून आलो. कूस बदलली आहे.)

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा, मुळीच न घाबरलेला,
धाकटा

ता. क. यातलं हिला अवाक्षर कळू देऊ नकोस. पाकीट चिकटवायला तिच्याकडेच देतो आहे, कारण डिंक तिच्या कपाटात असतो. पण ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

ता. क. दुसरा. जमल्यास पंधरा दिवस येशील का? हिच्यासाठी म्हणतो.

ता. क. तिसरा, आणि हे अक्षर माझं. वन्सं, नमस्कार. मी दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही हे खरं, पण ज्यात माझंच रक्त आहे ते दुसऱ्याचं कसं? हात माझा होता. एक नळी जास्त भरली, हे मला कळणार नाही? मंगळवारपासून वाट बघते आहे, सांगतील म्हणून. दर अर्ध्या तासाला 'कसं वाटतंय' विचारतात, आणि मी 'छान' म्हणते. खरं सांगू? मलाही फार भीती वाटते. पण या घरात घाबरायचं काम यांनीच अंगावर घेतलं आहे, आणि यांना धीर देण्यातच माझा दिवस संपतो. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही नंतर आलात. या वेळी आधी या. यांना तुमच्या स्वाधीन केलं की मी एकदा मनसोक्त रडून घेईन.