डाव्या हाताची घरं

५ ऑक्टोबर २००२
डोळखांबपुढच्या उपकेंद्रात आज हजर झालो. झकास जागा! पत्र्याची खोली, समोर डोंगर, मागे चूल. मी मलेरियावाला आरोग्यसेवक. घरोघर जायचं, ताप विचारायचा, बोटातला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि दाराशेजारच्या भिंतीवर तारीख टाकून सही करायची. सही नाही म्हणजे गेलाच नाहीस, असा आमच्या खात्याचा कायदा. झाडलोटीला आणि जेवणाला बारकीबाई आहे, शेजारीच राहते, मला भाऊ म्हणते. देवकीला सातवा लागला, ती सापगावला माहेरी आहे. बायकोच्या इतक्या जवळ बदली मिळाली, अजून काय पाहिजे!

१४ ऑक्टोबर
डोकं ठणकतंय, अंगात कणकण. स्वतःचीच काचपट्टी घेतली आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या गिळल्या. या दिवसांत तापाला दुसरं असतंय काय? बारकीबाई म्हणे, खोलीत कोणीतरी हाय, भगत आणू. म्हटलं आण, त्याचीपण पट्टी घेतो.

२१ ऑक्टोबर
पट्टीत काही निघालं नाही. आणि ही बाई, देवा! माझी किटली रोज कुठेतरी हलवते. विचारलं तर म्हणते, तुमच्या डाव्या अंगालाच तर होती, भाऊ. मग मला दिसली नसती? आज भात कमी वाढलास म्हणून ओरडलो. तिने ताट फिरवलं. अर्धा भात तसाच होता.

२६ ऑक्टोबर
आमचे पर्यवेक्षक वाल्मिक साहेब भिंती तपासायला आले. चांगोच्या पाड्यात वाटेच्या उजव्या सगळ्या घरांवर माझ्या सह्या, डाव्या एकावरही नाही. चारचौघांत मला कामचुकार म्हणाले. मी शपथेवर सांगितलं, सगळी घरं केली. तेव्हा डाव्या हाताच्या पहिल्या घरातली रुपा पुढे आली. म्हणाली, सासऱ्याला ताप होता, तीनदा हाका मारल्या, भाऊ बघून न बघितल्यासारखे गेले.
मी त्या वाटेने ओढ्याकडे उतरतो, परततो दुसरीकडून. तिथे डावीकडे घरं आहेत हेच मला ठाऊक नव्हतं.

२८ ऑक्टोबर
शहापूरच्या डॉक्टरांनी डोळ्यांपुढे बोट फिरवलं. डावीकडे गेलं की बोट गायब. आधीचा काही आजार, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मूर्खा! मुंबईला जाऊन डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय.
इथे तरी लिहितो. तीन वर्षांपूर्वी भिवंडीत रक्त तपासलं, एचआयव्ही निघाला. कोणाला बोललो नाही, देवकीलाही नाही. अंगातली ताकद गेली की साधे जंतूही मेंदूत घर करतात, हे प्रशिक्षणात मीच ऐकलंय. हेही ऐकलंय की कळांच्या वेळी आईला एक गोळी, मग बाळाला औषध दिलं तर पोर वाचू शकतं. पण त्यासाठी तिला आधी कळायला हवं ना!

१ नोव्हेंबर
सांगायचंच ठरवून सापगावला गेलो. दिवाळी तीन दिवसांवर, ती करंज्या तळत होती, हसत होती. तोंड उघडलं आणि तेलाचा भाव विचारला. भ्याड आहे मी, भ्याड.

६ नोव्हेंबर
अंथरुणात कोणाचा तरी हात. गार. ढकलला, जाईना. ओरडलो. बारकीबाईने दिवा आणला — म्हणाली, भाऊ, तुमचाच हात हाय —
खांद्यापर्यंत चाचपत गेलो. माझाच.

८ नोव्हेंबर
पाड्यातल्या धाकलूची जीप येते. मला मुंबईला — वही बारकीबाईकडे देतो, ती सापगावला पोचवेल. देवकी सातवी शिकलीय, वाचेल.
देवकी, रक्त तपास. उद्याच. दवाखान्यात सांग, नवऱ्याला हे झालंय — ते — नाव येत नाही गं — आत्ता होतं तोंडात —
लिहिलंय मी. मागे. पानं उलटतोय — सापडत नाही —
डाव्या पानावर असेल. मला दिसत नाही. तू बघ. बाळाची गोळी — चिडू नको, आधी बघ — डावीकडे ब