उखळातलं कुंकू

६ मे

पाणी अजून मागे गेलं! सकाळी आत्या अंगणात उभी, कपाळावर आडवा हात धरून धरणाकडे बघत होती. "आला का?" मी विचारलं. "टोक दिसतंय," म्हणाली आणि लगेच आत निघून गेली.

दर उन्हाळ्यात धरण ओसरलं की बुडालेल्या जुन्या गावातला एकच दगडी ओटा वर येतो. गाव म्हणतं, तो सावळीरामबाबांच्या घराचा. गाव उठलं तेव्हा आत्या बारा वर्षांची होती. तिला विचारलं की म्हणते, "असंल."

शाळेला सुट्टी म्हणून तिच्याकडे आले, तर इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. किती वेळा टाकीपर्यंत जायचं माणसानं? नाशिकला असले की गाव आठवतं, गावात आले की अंगाला मुंग्या येतात. माझं कुठेच धड नाही.

८ मे

वीज नाही. कुरडयांचा चीक हाटून हात दुखतोय. आत्या म्हणते, शिकवणाऱ्या बाईचा हात एवढ्यात दुखतो होय!

१० मे, आखिती

आज अख्खं गाव ओट्यावर. मी आणि आत्या गाळात लावलेल्या काकड्या तोडत लांबूनच बघत होतो. ओट्याच्या कोपऱ्यात एक गोल खड्डा आहे. बाबांची सून हर्षाली त्यात हळदकुंकू वाहत होती, अगदी मन लावून. मग सावळीरामबाबांनी डोकं टेकलं. बराच वेळ उठलेच नाहीत, दोघांनी धरून उठवलं.

मग त्यांचा मुलगा दीपक बोलला. काठावरचे तंबू त्याचेच, शनिवार-रविवारी मुंबईचे लोक येऊन गाणी लावतात ते. आता सव्वीस तारखेला ओट्यावर सिमेंट टाकायचं, वर पत्रा, पुढे पाटी: 'सावळीराम परिवाराचं मूळ घर.' पाहुण्यांना फोटो काढायला! टाळ्या.

शेजारी आत्या तोंडाला पदर लावून हसत होती. "काय गं?"

"मिरच्या कांडायचं उखळ हाय ते. त्यात कुंकू टाकत्यात!"

"कुणाचं उखळ?"

"आपलं. ओटा आपला हाय. माझ्या बापानं खाणीवरनं एकेक दगड डोक्यावर आणला." असं म्हणाली आणि पुढची काकडी तोडली. जणू काही आज उकडतंय असंच सांगितलं!

११ मे

भांडले. इतकी वर्षं गप्प का बसलीस? म्हणाली, सांगू कुणाला? आपल्या वस्तीतली जुनी माणसं नाशिकला गेली नाहीतर वारली. गाळात कुठं गाव अन् कुठं बौद्धवस्ती, कुणाला कळणार?

"पण त्यांचा ओटा गेला कुठे मग?"

"वर आला. घडीव दगड बैलगाडीत भरून आणले त्यांनी. त्यांच्या भिंती बघ जाऊन."

"आणि आपले?"

"आपल्याला गाडी कोण देणार?"

एवढंच. मग भाकरी थापायला बसली. मी चिडून जेवलेच नाही, आणि तिनं वाढायचंही सोडलं नाही.

१३ मे

गेले बघायला. खरंच! नव्या विटांच्या खाली कंबरेएवढी भिंत जुन्या काळ्या दगडांची. रोज तिलाच पाठ टेकून बसतात आणि ओटा म्हणे धरणात!

सावळीरामबाबा बाजेवर होते. हर्षालीनं सरबत दिलं. चांगली आहे ती, म्हणून आणखीच अवघड. मी सरळ विचारलं, "बाबा, हे दगड कुठले हो?"

माझ्याकडे बघत राहिले. "भिमीची भाची ना तू?" म्हणाले. मग डोळेच मिटले. सरबत गोड होतं की आंबट, आठवत नाही.

१६ मे

सिमेंटच्या गोण्या काठावर येऊन पडल्या.

१८ मे

टाकीजवळ जाऊन अण्णांना फोन केला. वाटलं, पेटून उठतील. आत्या त्यांची सख्खी बहीण आहे! पण म्हणाले, "तेजू, सुट्टी संपली की तू इकडं येशील. गावात तिला राहायचंय."

गुडघ्याच्या डॉक्टरकडे आत्याला दीपकच गाडीतून नेतो. हेही खरं. मग मी कुणावर चिडू? दिवसभर आत-बाहेर करत राहिले. शेवटी आत्या ओरडली, "बस की एका जागी! उंबरा झिजंल."

२३ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात खीर. दीपकही आला, दोन वाट्या खाल्ल्या, जाताना म्हणाला, "भिमाआत्या, रविवारी यायचं बरं का. तुम्ही जुनी माणसं, तुमच्याशिवाय शोभा नाही." आणि आत्या म्हणाली, "येते की!" मी वाटी खाली ठेवली.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तवा आमची सावली चालत नव्हती त्यांना. आता आमच्या चुलीपाशी डोकं टेकवत्यात. दरसाल बघते अन् पोटभर हसते. माझी तेवढीच जत्रा."

हसली. आणि हसता हसता रडायलाच लागली. "आई तिथंच बसायची गं कांडायला. मी मांडीवर. लोकं काय म्हणतील म्हणून एकदा पाय ठेवला नाय मी तिथं. आता सिमेंट टाकल्यावर कुठली बसणार?"

तिचे पाय चेपत बसले.

२६ मे, रविवार



सकाळी आत्यानं दारामागचं मुसळ काढलं. गाव सोडताना तिच्या आईनं खांद्यावरून आणलेलं. पदरात वाळलेल्या लाल मिरच्या. "चल." गुडघा दुखतोय म्हणणारी बाई माझ्या पुढे!

ओट्यावर मांडव, गोण्या, फावडी, तंबूतले पाहुणे. आत्या सरळ वर चढली. बसली. उखळातलं कुंकू ओंजळीनं बाहेर काढलं, पदरानं आतून पुसलं, मिरच्या टाकल्या आणि लागली कांडायला. धप्. धप्.

हर्षाली धावली. "अहो आत्या, देवाचं कुंड ते!"

"देव नाय बाई. तिखट कांडायचं हाय हे. माझ्या आईचं."

मिरचीचा खकाणा उठला. पुढच्या रांगेपासून सगळी सभा शिंकायला लागली! पाहुणे फोन धरून शिंकतायत, मलाही हसू आवरेना. दीपक तेवढा हसला नाही. "आत्या, उठा आता. चारचौघांत शोभतं का हे?" त्यानं तिच्या मुसळाला हात घातला.

"हात काढ." सावळीरामबाबा. काठी टेकत पुढे आले. "तिचाच ओटा हाय. आपल्या ओट्याचे दगड मी सोता गाडीत भरले होते."

दीपकचं तोंड बघवेना. बापाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मग पाटीवर आत्यांचं नाव टाकतो."

मला वाटलं, जिंकलो! पण आत्यानं मान हलवली. दीपककडे बघितलंच नाही, बाबांकडे बघून म्हणाली, "नाव नको. गाडी दे."

कुणालाच कळलं नाही. बाबांना कळलं. त्यांनी मान खाली घातली.

२७ मे

सकाळपासून मागे लागले तेव्हा आत्यानं सांगितलं. गाव उठताना सावळीराम मिसरूड न फुटलेला पोरगा. त्यांचे दगड वाहून झाले, तेव्हा आजोबांना म्हणाला, "उद्या गाडी आणतो, तुमचेबी नेऊ." आजोबा दोरखंड घेऊन ओट्यावर बसले. पाणी पायरीला लागेपर्यंत बसले.

"का नाही आला?"

"बापानं बैल सोडू दिले नसतील. का यालाच आमचे दगड गाडीत घालायची लाज वाटली. मी कधी विचारलं नाय." मग म्हणाली, "तो दरसाल तिथं डोकं टेकतो ना, त्याचं मला हसू नव्हतं येत. बाकीच्यांचं यायचं."

म्हणजे बाबांना पहिल्यापासून... आणि हिला तेही माहीत! मी आपली पंधरा दिवस उंबरा झिजवतेय.

२८ मे

दारात दीपकचा ट्रॅक्टर. ट्रॉलीत पहिली खेप, दगडांवर सावळीरामबाबा बसलेले, दोन्ही हातांनी उखळ धरून. धोतराला तिखट लागलेलं.

आत्या दारातून म्हणाली, "लय उशीर केलास, सावळ्या."

गावात त्यांना अशी हाक कुणी मारत नाही. ते म्हणाले, "व्हय भिमे. कुठं ठेवू?"