फुलाचं नाव मीच लिहिलं

४ डिसेंबर
एकतीस हजार! गेले! दुपारी पावणेतीनला मेसेज—परदेशातलं कुठलं तरी दुकान, नावसुद्धा वाचता येत नाही. ओटीपी नाही, विचारणं नाही. ब्लाउज शिवून शिवून ओव्हरलॉक मशीनसाठी साठवले होते. डोकं फिरलंय.

कार्ड टेबलाच्या खणातच आहे. मग नंबर कुणी घेतला? माझ्या शिवणाच्या दुकानात येऊन बसणारी एकच—दिग्गीची फुला. बाजारात कंद विकून झाले की माझ्या पायरीवर. तिच्या गावात फोनला रेंज नाही, म्हणून दोन वर्षं तिच्या पोरींचे फ्रॉक, स्वेटर सगळं माझ्या कार्डावर मागवायचं, पैसे ती रोख देणार. उपकार करा आणि वर हे भोगा!

५ डिसेंबर
बँकेत गेले. कार्ड बंद केलं. काउंटरवरचा नागराज म्हणाला, "लिहून द्या." दिलं. ठासून लिहिलं—"माझे कार्ड ओळखीच्या बाईने, फुला हिने वापरले." बरं वाटलं.

"अक्का, नाव आत्ताच कशाला?" म्हणत होता. त्याला काय जातंय!

८ डिसेंबर
बाजार. फुला नेहमीसारखी पाटी घेऊन आली. चार माणसांत विचारलं. "मी कशाला घिऊ अक्का?" एवढंच. रडली नाही, भांडली नाही. त्याचाच जास्त राग आला. चोर म्हटलं, पाटीला लाथ मारली. कंद गटारापर्यंत गेले. तिने वेचले, पदराने पुसले आणि बसस्टँडवर जाऊन बसली.

घरी प्रशांत म्हणतो, "पुरावा काय तुझ्याजवळ?" नवरा असून तिची बाजू! दोन दिवस बोलणार नाही त्याच्याशी.

१५ डिसेंबर
फुला बाजारात आली नाही. बरंच झालं.

१९ डिसेंबर
फ्रॉक मागवायचो त्या साइटचा मेल. गोड गोड इंग्रजी, प्रशांतने वाचून सांगितलं. पैसे भरायच्या पानावरून ग्राहकांच्या कार्डांचे नंबर चोरीला गेलेत—नोव्हेंबरात! "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." गैरसोय? माझं मशीन गेलं, मेल्यांनो! आणि इतके दिवस तोंड शिवून बसलात?

प्रशांतने फोन माझ्यापुढे ठेवला. मी भांडी घासायला उठले.

२ जानेवारी
बँकेचं पत्र. पैसे देणार नाहीत. कारण माझाच कागद! "ओळखीच्या व्यक्तीने वापरल्याचे आपणच कळवले आहे. निष्काळजीपणा आपला." तिसऱ्याच कुणाकडून चोरी झाली आणि तीन दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकाचा पैसा बुडत नाही म्हणे. मी तर दुसऱ्याच दिवशी गेले होते! गेले, आणि जाऊन काय लिहिलं!

५ जानेवारी
दांडेलीला वकीलबाईंकडे. नाव रक्षिता, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण जिभेला धार. साइट आणि बँक, दोघांवर कारवारच्या ग्राहक आयोगात दावा लावू म्हणाल्या. "पण तुमचा कागद आडवा येतोय. त्या बाईचं प्रतिज्ञापत्र आणा—कार्डाचा नंबर मला कधीच माहीत नव्हता, असं."

म्हणजे मी दिग्गीला जायचं. तिच्या दारात. तिच्या!

९ जानेवारी
गेले. फुलाने तांब्याभर पाणी दिलं, बसायला सांगितलं. माफी मागणार होते, मागितली नाही. नुसतं काम सांगितलं.

"येतो की," म्हणाली. "हितं बी मला चोर म्हणाय लागल्यात. कागद झाला तर बरंच हाय."

बसचं भाडं देऊ केलं, घेतलं नाही. असला ताठा! चीड येते तिची. अजून येते.

१२ जानेवारी
वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. फुलाने पेन खाली ठेवलं. "हे खोटं हाय. नंबर मला ठाव हाय. फोनात घालताना अक्का मोठ्यानं वाचत्यात, ऐकून ऐकून पाठ झालाय." आणि सोळाच्या सोळा आकडे म्हणून दाखवले, न अडखळता. कार्डाच्या मागचे तीनसुद्धा.

"आता मी काय दाखल करू?" म्हणत वकीलबाईंनी फाइल मिटली.

दोन वर्षं सगळा नंबर तिच्यापाशी होता, आणि तिने एका रुपयाला हात लावला नाही.